मुख्य विषय निवडावा कोणीं?

कॉलेजांत पाऊल टाकतांच 'मुख्य विषय कोणता?' असें मुलाला विचारतात आणि उत्तर बहुधा बापच देतो. शेजाऱ्याच्या मुलाला अमक्या विषयावर नोकरी लागली, सबब आमच्याहि मुलानें तोच घ्यावा! नमुना पाहिल्यावांचून माल न उचलणारा गृहस्थ मुलाचीं तीन-चार वर्षें मात्र बिनपारखीं बांधून टाकतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवी-अभ्यासक्रमाची जी चौकट जाहीर केली, तींत यावर थोडा उतारा आहे. पहिल्या वर्षाअखेर आपली आवड व प्रगति पाहून विद्यार्थ्यास मुख्य विषय बदलून मागतां येतो. तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक लागतात व त्यांतले निदान निम्मे मुख्य विषयाचे हवेत. म्हणजे निवड चुकली कीं निम्मी पदवी चुकली!

कोणी म्हणतील, पोरांना काय कळतें? स्वैर निवडीचे तोटे आम्हांस ठाऊक आहेत. हार्वर्ड येथें १८६९ पासून अध्यक्ष एलियट यांनीं विषयनिवडीची मोकळीक वाढविली. मुलें सोपे विषय वेंचतात अशी ओरड झाली. १९०९ मध्यें अध्यक्ष झालेल्या लॉवेल यांनीं एका विषयांत खोल उतरणें प्रत्येकास भाग पाडलें. पण तो विषय कोणता, हें ठरविणें विद्यार्थ्याकडेच राहिलें.

बापानें सल्ला द्यावा, खर्चाचा हिशेब मांडावा. प्राध्यापकांनीं त्या विषयांतले कष्ट सांगावे. अर्जावर विषय मात्र मुलानें अगर मुलीनें स्वतःच्या हातानें लिहावा. ज्याला ओझें वाहावयाचें, त्यालाच तें उचलून पाहूं द्या.