जुना ट्रॅक्टर घरीच उभा करताना

इंदूरजवळच्या हातोदच्या काळ्या मातीत सोयाबीन आणि गहू पिकतो. अशा शिवारात गोठ्यामागे गंजत उभा असलेला जुना ट्रॅक्टर भंगारात घालण्याआधी एकदा नीट पाहावा. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत 1963मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्यांचे बी-275 साधे, दणकट यंत्र होते; असे यंत्र घरीही पुन्हा चालू करता येते.

इंजिन जाम असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याचा मोह टाळा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जायबंदी होतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि ऑइल ओता, काही दिवस मुरू द्या, मग गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन हाताने हळूहळू फिरवा. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट तपासा. टाकी धुऊन फिल्टर बदलल्यावर पंपापर्यंतच्या लाइनमधली हवा काढावीच लागते, नाहीतर इंजिन धरत नाही.

पैसा आधी इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंगवर घाला. रंग सर्वांत शेवटी. आणि रस्त्यावर काढण्यापूर्वी आरसीची मुदत तपासून घ्या.