बदलापूरचे स्पीकर, उल्हासनगरचा ॲम्प्लिफायर

होस्टेलवर मला दर आठवड्याला एक प्रश्न हमखास येतो, "अगं, किती वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊ?" याचं उत्तर मला दीड वर्षापूर्वी माहीत असतं, तर माझ्या मामाचे दोन ट्वीटर वाचले असते. म्हणून हा लेखप्रपंच!

मामा बदलापूरला राहतो. मस्कतची नोकरी सोडून परत येताना त्याने आयुष्यातली एकच चैन केली. एका ब्रिटिश कंपनीचे कमरेएवढे उंच स्पीकर त्याने सोबत आणले. त्याचा ॲम्प्लिफायर पावसाळ्यात विजेच्या झटक्याने गेला आणि स्पीकर चादरीखाली पडून राहिले. मामेभावाच्या हळदीला मी चादर काढली. माझ्याकडे तळहातावर मावणारा एक ॲम्प्लिफायर होता. खोक्यावर लिहिलेलं '१००+१०० वॅट'. त्याला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर जोडला आणि तीन तास फुल्ल आवाजात गाणी वाजवली. सगळे खूश!

दोन दिवसांनी मामाने सकाळी किशोरीताईंची सीडी लावली आणि विचारलं, "तंबोरा कुठे गेला गं?" तंबोरा होता, पण कापसात गुंडाळल्यासारखा. जवारी गायब! दोन्ही ट्वीटरची कॉइल जळली होती. मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग शोधून काढ, का जळले ते." त्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं.

शंभर वॅट गेले कुठे?

१९ व्होल्टच्या सप्लायवर चालणारा असा ॲम्प्लिफायर, ब्रिज जोडणीत, स्पीकरला जास्तीत जास्त १९ व्होल्टचं शिखर देऊ शकतो. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे वॅट किती? १९ गुणिले १९, भागिले १६. म्हणजे साडेबावीस वॅट! हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं आणि मार्कही मिळवले होते. खोक्यावरच्या आकड्याला मात्र ते लावून पाहायचं सुचलं नाही.

आवाज त्याहून वाढवायला गेलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर तयार होतात आणि ते सगळे क्रॉसओव्हरमधून थेट ट्वीटरकडे जातात. नेहमीच्या संगीतात उंच स्वरांचा वाटा लहान असतो. म्हणून '१०० वॅट'च्या स्पीकरमधला ट्वीटर स्वतः सलग थोडेच वॅट सोसू शकतो. थोडक्यात, मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो ही अर्धीच गोष्ट आहे. दमलेला छोटा ॲम्प्लिफायरही तितकाच घातकी!

जुन्या म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापलेले असायचे, त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं मोजमाप नव्हतं. अमेरिकेत तर अशा फुगवलेल्या जाहिरातींमुळे १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा सरकारी नियमच आला. आपण मागच्या पट्टीवरचं वीजवापराचं लेबल वाचावं. आत जेवढं जातं त्यापेक्षा जास्त सलग बाहेर येणार नाही!

डेसिबलचा हिशोब

स्पीकर निवडताना वॅटच्या आधी संवेदनशीलता पाहायची. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. मामाच्या स्पीकरचा आकडा ८६ आहे. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत, दोन्ही स्पीकर मिळून, १ वॅटला साधारण ८० डेसिबल पोचतात. शांतपणे ऐकायला हे भरपूर झालं.

मग जास्त वॅट कशाला? कारण तबल्याची थाप सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उडी मारते. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, १० ला दसपट आणि २० ला शंभरपट. म्हणजे सरासरी १ वॅट, पण क्षणभर १००! हळदीला तर आम्हाला सरासरीच १०० डेसिबल हवी होती. बिचारा साडेबावीस वॅटचा डबा तीन तास सतत क्लिप होत होता.

स्पीकर-स्पीकरमधला फरक केवढा असतो बघा. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या छोट्या स्टुडिओंसाठी बनवलेला एलएस३/५ए हा प्रसिद्ध स्पीकर सुमारे ८३ डेसिबलचा. अमेरिकेच्या पॉल क्लिप्शचा कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न सुमारे १०५ चा. फरक २२ डेसिबल, म्हणजे जवळजवळ १६० पट ताकद! क्लिप्शहॉर्नला जे काम १ वॅटमध्ये जमतं, त्याला एलएस३/५ए दीडशेहून जास्त वॅट मागेल (आणि तेवढे सोसणारही नाही).

८ ओहम म्हणजे नेमके किती?

मागे लिहिलेले ८ ओहम हे नावापुरते. प्रत्यक्षात इम्पीडन्स प्रत्येक स्वराला बदलतो. कुठे ३० होतो, कुठे ४ च्या खाली उतरतो. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २० व्होल्ट आणि अडीच ॲम्पिअर देतो. तेच २० व्होल्ट ४ ओहमला द्यायचे तर ५ ॲम्पिअर लागतात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर लहान असतील तर इथेच दम निघतो. म्हणून माहितीपत्रकात दोन आकडे पाहा. ८ ओहमचे वॅट ४ ओहमला दुपटीजवळ जात असतील, तर सप्लाय दणकट समजावा. १९७८ चा नॅड ३०२० कागदावर फक्त २० वॅटचा होता, पण क्षणभर सुमारे दुप्पट ताकद द्यायचा आणि अवघड स्पीकरही सांभाळायचा. म्हणून त्याचं नाव झालं.

जुनं घेताना

नवा चांगला ॲम्प्लिफायर आमच्या बजेटबाहेर होता. मग मी आणि मामा उल्हासनगरला निघालो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये वसाहतीला हे नाव मिळालं, आणि पत्ता अजूनही कॅम्प नंबरनेच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्यांना माहीत आहे. पण जुन्या वस्तू उघडून जिवंत करणारे हातही इथेच सापडतात. चार दुकानं फिरून मी शिकले ते असं:

१. आधी वजन. जड ट्रान्सफॉर्मर खोटं बोलत नाही.

२. मागचं व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारातला माल १०० व्होल्टचा असतो. थेट २३० ला लावलात की धूर!

३. पहिल्यांदा सिरीज लॅम्पमधूनच चालू करा. १०० वॅटचा साधा बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

४. स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून आउटपुटला मल्टीमीटरवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. व्होल्टभर दिसलं तर नमस्कार करून निघा.

५. झाकण उघडायला लावा. फुगलेले कपॅसिटर बघा. पॉवर ट्रान्झिस्टरपैकी एखाद्यावरची छपाई वेगळी दिसली तर तो बदललेला आहे. डुप्लिकेट ट्रान्झिस्टर बाजारात खूप आहेत. आवाजाच्या बटणाची खरखर मात्र फक्त धूळ असते, त्यावर भाव पाडून घ्या!

६. आपल्या भागासाठी खास. बदलापूरने २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आणि २७ जुलै २०१९ चाही. तळाच्या पत्र्यावर मातीची रेघ किंवा स्क्रूंना गंज दिसला तर समजून जा.

७. जुने स्पीकर घेताना कोनाच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबा. दमट हवेत तो काही वर्षांत चुरा होतो. रबर जास्त टिकतो.

शेवटी ६० वॅटचा, अकरा किलोचा एक जपानी ॲम्प्लिफायर साडेसात हजाराला पटला. तो होता १०० व्होल्टचा! अंबरनाथ एमआयडीसीत काम करणाऱ्या बाबांच्या मित्राने त्यासाठी २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. लोकलच्या गर्दीत तो अकरा किलोचा डबा मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि मामा दर स्टेशनला विचारत होता, "धक्का नाही ना लागला?"

मूळ ट्वीटर आता बनत नाहीत. जवळचे, त्याच इम्पीडन्सचे दोन बसवले. मामाने सीडी लावली, बराच वेळ ऐकली आणि म्हणाला, "पहिल्यासारखं नाही. पण जवारी ऐकू येते." ते 'पहिल्यासारखं नाही' माझ्या खात्यावर कायमचं जमा आहे.

तेव्हा यापुढे मला "किती वॅट" असं विचारू नका. तीन गोष्टी घेऊन या: स्पीकरची संवेदनशीलता, त्याचे कमीत कमी ओहम आणि तुम्ही किती लांब बसता ते. होस्टेलच्या खोलीत आपण दीड मीटरवर बसतो. तिथे खरेखुरे १५-२० वॅट पुष्कळ झाले. आणि हो, आवाज फाटायला लागला की पहिला हात बटणाकडे जाऊ दे. बाकी शेजारचे खोलीवाले सांगतीलच!