पालकाला जानेवारी, माठाला एप्रिल

होळी उलटली की गच्चीवर बाग करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. थंडीभर पाने पुरवणारा पालक मार्च सरता सरता एकाएकी दांडा काढतो, पाने बारीक नि कडवट होतात, तुरा येतो आणि भाजी संपते. शेजारच्या कुंडीत, त्याच मातीत, त्याच शेणखतावर लाल माठ मात्र तरारलेला. ऊन चढेल तसा तोही चढतो. मग पालक नाजूक आणि माठ काटक, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात.

निकाल घाईचा आहे, कारण ही दोघे भाऊबंद आहेत. पालक, बीट, चाकवत, चंदनबटवा, माठ आणि राजगिरा ही सगळी मंडळी आजच्या वर्गीकरणात एकाच कुळात बसतात. पूर्वी चाकवताचे घराणे वेगळे मानत. माठाची भाजी भाताला लावते तो लाल रंग आणि बिटाने बोटांना चढतो तो रंग, दोन्ही बीटालेन गटातले. जांभळाचा रंग वेगळ्याच रसायनाचा. त्यातही गंमत अशी की ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ या नावांनी मिळणारे आपल्याकडचे पालकाचे बियाणे वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने बिटाचेच. विलायती पालक निराळा. ओळखायचे असेल तर बी पेरून पाहावे: एका खडबडीत ‘बी’तून दोन-तीन कोंब वर आले तर तो बिटाचा भाऊ, कारण ते बी नसून फळांचा चिकटलेला घोस असतो.

घर एक, मग स्वभाव इतके वेगळे का? उत्तर मुळांत नाही, पानांत आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या कामाला लावणारे विकर म्हणजे रुबिस्को. पृथ्वीवरच्या सर्वांत मुबलक प्रथिनांत त्याची गणना होते, आणि ढिसाळ म्हणून बदनामीही त्याचीच. ते अधूनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते. मग झालेली चूक निस्तरण्यात झाडाची ऊर्जा जाते, आधी कमावलेला कार्बनही थोडा निसटतो. २५ अंशांच्या आसपास चार-पाच वेळांत एकदा तरी अशी गफलत होते, आणि पारा चढला की प्रमाण वाढते. पण रुबिस्कोची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के. म्हणजे सुपात पाचशे खड्यांमागे तांदळाचा एक दाणा, आणि निवडणारीने तो दाणा बहुतेक वेळा बरोबर उचलायचा! एवढे जमवणाऱ्याला ढिसाळ म्हणणे जरा अन्यायाचेच.

पालकाच्या पानात रुबिस्कोला हे अख्खे सूप एकट्याने निवडावे लागते. माठाने मात्र निवडायला आधी दुसरेच कोणी बसवले आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींतले पेप कार्बोक्झिलेज हे विकर ऑक्सिजनला भुलत नाही. ते कार्बन पकडून चार कार्बनांच्या आम्लात बांधते आणि ते आम्ल शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत पोहोचते. तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, दाटतो, आणि तिथल्या रुबिस्कोपुढे जवळजवळ निवडलेलेच तांदूळ येतात. चार कार्बनांच्या या वाटेला सी-फोर म्हणतात, पालकाच्या साध्या वाटेला सी-थ्री. हिरव्या माठाचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले तर शिरांलगत गडद हिरवी किनार दिसते. हीच ती आतली खोली. हाबरलांड्ट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच पेशींची अशी रचना नोंदवून ठेवली होती. तिचे प्रयोजन कळायला पुढची ऐंशी वर्षे गेली.

आणि ते कळले त्याची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. अकरावीच्या जीवशास्त्रात ही वाट ‘हॅच-स्लॅक मार्ग’ म्हणून पाठ करतात. पण पहिला धागा हाती लागला तो होनोलुलूमध्ये, हवाईच्या ऊसमळेवाल्यांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत. ह्यूगो कॉर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांनी उसाच्या पानांना किरणोत्सारी कार्बन दिला. मेल्विन कॅल्विन या शास्त्रज्ञाने उलगडलेल्या सी-थ्री चक्राप्रमाणे तो आधी तीन कार्बनांच्या आम्लात सापडायला हवा होता. सापडला मॅलिक आणि अ‍ॅस्पार्टिक या चार कार्बनांच्या आम्लांत. कॅल्विनला १९६१ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा हे विपरीत निकाल मळेवाल्यांच्या वार्षिक अहवालांत पडून होते. रीतसर शोधनिबंध निघाला तो १९६५ मध्ये. तिकडे रशियात युरी कार्पिलोव्ह यांना मक्यात हेच दिसले होते; १९६० मधला त्यांचा निबंध रशियनमध्ये असल्याने पश्चिमेत फारसा कोणी वाचला नाही. ब्रिस्बेनच्या हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी, तेही एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, कॉर्टशाकांच्या निकालांवरून सगळी साखळी उलगडली आणि १९६६ मध्ये मांडली. त्यांचे काम थोरच. पण मार्गाच्या नावात होनोलुलूच्या तिघांना कुठेच जागा नसावी, हे खटकते.

या शोधाचा पुढे गाजावाजाही बराच झाला. भातात सी-फोर यंत्रणा बसवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००८ च्या सुमारास फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेतून सुरू झाला. तसे वाण आजही शेतकऱ्याच्या हाती नाही. आश्चर्यही नाही. चंदनबटव्याच्या वंशातल्या एका सी-थ्री आणि एका सी-फोर जातीचा संकर ब्योर्कमन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९६९ च्या सुमारासच केला होता. त्या संततीत दोन्ही यंत्रणांचे तुकडे आले, पण एकही धड चालेना.

शिवाय सी-फोर म्हणजे सगळ्याच बाबतीत सरस असेही नाही. निवडणाऱ्याला मजुरी द्यावी लागते: कार्बनच्या प्रत्येक रेणूमागे जास्तीची ऊर्जा. ऊन भरपूर असेल तर ही मजुरी परवडते. ढगाळ, थंड किंवा अर्ध्या सावलीच्या जागी ती अंगाशी येते आणि तिथे पालक सरस ठरतो. पाण्याच्या हिशेबात मात्र माठ पुढे. तेवढाच सुका भार तयार करायला सी-फोर झाडांना सी-थ्रीच्या मानाने साधारण निम्मे पाणी पुरते.

तुऱ्याचा मामला वेगळा. पालक दिवस मोठा होऊ लागला की फुलायच्या तयारीला लागतो आणि उष्मा त्याला घाई करतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, तेव्हा आपल्याकडे दोष बहुधा उष्म्याचा जास्त. माठाच्या बऱ्याच जाती उलट दिवस लहान झाल्यावर फुलतात, म्हणून उन्हाळ्यात त्यांचे सारे लक्ष पानांवर. पण लहान कुंडीत दोन-तीन दिवस पाण्याची ओढ बसली तर तोही अवेळी तुरा काढतो, हे काटकपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

मातीच्या आवडीही सारख्या नाहीत. बिटाचे रानटी पूर्वज समुद्रकाठचे, त्यामुळे आपला पालक थोडी खारट माती सोसतो, पण आम्लता त्याला मानवत नाही. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीत थोडा चुना मिसळल्याखेरीज तो खुरटतो. माठ किंचित आम्ल मातीतही निभावतो.

तेव्हा बी घेण्याआधी बाल्कनीत किती तास ऊन येते ते मोजावे. पूर्वेची, तीन-चार तास कोवळ्या उन्हाची जागा असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी पालकच लावावा. बी रात्रभर भिजवून पेरले की उगवण बरी होते. उघडी गच्ची असेल तर मार्चअखेर पालक काढून माठ लावावा. एकाच कुळातले असल्याने काही किडी-रोग सामाईक, म्हणून वरची माती तेवढी बदलावी. माठाचे चिमूटभर बी वाळूत मिसळून फेकावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा, खोल गेलेले बारीक बी वर येत नाही. पावसाळ्यात पानांच्या खाली पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. ती रोपे उपटून टाकावीत आणि उरलेल्यांना पाणी पानांवर नव्हे, बुंध्याशी घालावे.