कादंबरीतील ख्रिस्त

पाश्चात्त्य कादंबरीत ख्रिस्तसदृश नायक हुडकणे हा आपल्या वर्गांतून एक सोपा खेळ होऊन बसला आहे. नायकाचे वय तेहतीस असले, मरताना त्याचे हात पसरलेले असले, की टीकाकार समाधान पावतो. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) मधील जिम केसीची इंग्रजी आद्याक्षरे येशू ख्रिस्ताचीच आहेत, हे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हटकून लिहितो. परंतु उपदेश करणे सोडून दिलेला हा धर्मोपदेशक दुसऱ्याच्या वाट्याचा तुरुंगवास पत्करतो आणि फळबागेतील मजुरांच्या संपात मारला जातो, ही गोष्ट आद्याक्षरांहून कितीतरी मोलाची नव्हे काय?

दोस्तोव्हस्की याहून खोल गेला. सर्वार्थाने सुंदर असा माणूस चितारण्याचा आपला मानस त्याने १८६८ च्या आरंभी भाचीला पत्राने कळविला. असे कार्य अतिशय दुष्कर आहे, हे तो जाणून होता. ख्रिस्ती साहित्यातील अशा माणसांत त्याला डॉन किहोटे सर्वांत पूर्ण वाटे. पण तो सुंदर ठरतो तो हास्यास्पदही असल्यामुळेच, हे त्याने तेथेच नोंदविले. ‘द इडियट’चा प्रिन्स मिश्किन या विचारातून घडला. तो कोणाचा द्वेष करीत नाही, सर्वांना क्षमा करतो. आणि तरीही नास्तास्याचा खून टळत नाही. अखेरीस तो स्वतःच बुद्धिभ्रंशाच्या अंधारात परततो. १८६७ मध्ये बाझेल येथे दोस्तोव्हस्कीने हान्स होल्बाइनचे थडग्यातील ख्रिस्ताचे चित्र पाहिले होते. त्यात तेजोवलय नाही, आहे ते केवळ प्रेत. त्याच चित्राची प्रतिकृती कादंबरीत खुनी रोगोझिनच्या घरी टांगलेली आहे. मिश्किन हा पुनरुत्थान नाकारले गेलेला ख्रिस्त आहे, असे मला वाटते. म्हणूनच तो पूजेच्या मूर्तीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

निकोस काझान्टझाकिसच्या ‘ख्राइस्ट रीक्रुसिफाइड’मध्ये तर प्रतीक उघडउघड समाजावर उलटते. तुर्की अमलाखालील एका ग्रीक खेड्यात दर सात वर्षांनी ख्रिस्ताच्या यातनांचे नाटक होते. त्यासाठी गावचे वडीलधारे मनोलिओस या मेंढपाळाला ख्रिस्ताची भूमिका देतात. तोच तुर्कांनी उद्ध्वस्त केलेल्या गावचे भुकेले निर्वासित वेशीवर येतात. गावचा धर्मगुरू त्यांना हाकलून देतो, मनोलिओस मात्र त्यांच्या बाजूने उभा राहतो. नाटकाचा दिवस उजाडतच नाही. ख्रिसमसच्या सुमारास, प्रत्यक्ष चर्चमध्येच, गावकरी त्याला ठार करतात. निर्वासित पुन्हा बोचकी उचलून वाटेला लागतात.