लग्नाचा केक उभा कसा राहतो?



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून केकवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. पगार, बोनस, कामाचे तास हे आमचे नेहमीचे विषय. शिवाय आमची शाळा नववीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यांच्या आणि भट्ट्यांच्या दारात. आजचा विषयही तसाच एका भट्टीच्या दारात शिकलो, आणि तो शिकणे आम्हांला भाग पडले.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका बेकरीतला कारागीर आमच्याकडे आला. त्याने केलेला तीन मजली लग्नाचा केक कार्यालयात पोहोचेपर्यंत एका अंगाला घसरला होता. वधूकडची मंडळी संतापली. मालकाने त्यांचे पैसे परत केले आणि ती सारी रक्कम कारागिराच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायला सुरुवात केली. ‘दादा, चूक माझी नाही,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आता चूक कोणाची हे ठरवायचे, तर केक मुळात उभा कसा राहतो हे कळायला हवे. म्हणून आम्ही आठ रात्री दुसऱ्या एका ओळखीच्या बेकरीत जाऊन बसलो. तिथे जे पाहिले ते आज सांगतो.

या केकवर जे गुळगुळीत, रेशमासारखे आवरण दिसते त्याला फॉन्डंट म्हणतात. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक. एक किलो बारीक आयसिंग शुगर घेतली, तर तिला साधारण 60 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम जिलेटिन, अर्धी वाटी घट्ट ग्लुकोज, चमचाभर ग्लिसरीन आणि थोडे वनस्पती तूप लागते. यात प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे. जिलेटिनमुळे कणीक ताणली जाते. ग्लुकोज साखरेचा पुन्हा खडा होऊ देत नाही. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, आणि तुपामुळे कणीक हाताला चिकटत नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. म्हणून शाकाहारी गिऱ्हाइकासाठी त्याच्या जागी वनस्पतिजन्य डिंक वापरतात. कणीक मळून, झाकून रात्रभर ठेवली की दुसऱ्या दिवशी लाटायला येते.

आपल्या आयाबहिणींना हे काम परके नाही. संक्रांतीचा हलवा करताना पाक थेंबाथेंबाने घालीत परातीत बोटे फिरवावी लागतात, आणि काटा येतो तो थंड, कोरड्या हवेत. दमट हवेत हलवा रुसतो, तसेच फॉन्डंटही रुसते. साखर हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हे आवरण घामेजते, चिकट होते. उलट फार कोरड्या हवेत त्याला चिरा पडतात आणि कडेला हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर जसे पाणी जमते, तसे थंड केकवरही जमते. म्हणून कारागीर एक डोळा केकवर ठेवतो आणि दुसरा हवेवर.

आता लाटण्याचा हिशेब पाहू. केक 8 इंच व्यासाचा आणि 4 इंच उंच असेल, तर पोळी केवढी लागेल? एका बाजूचे 4, वरचे 8, दुसऱ्या बाजूचे 4, मिळून 16 इंच, आणि कडेने कापायला इंचभर जास्त. जाडी साधारण 3 मिलिमीटर. ही पोळी लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडायची. मग हात वरच्या मध्यापासून कडेकडे, आणि कडेवरून खाली न्यायचा. खाली चुणी पडू लागली, तर ती दाबून टाकायची नाही. पोळीचा घेर हलकेच बाहेर ओढून चुणी उकलायची, आणि मगच हात फिरवायचा. आत हवेचा फुगा राहिला, तर बारीक सुईने तिरके टोचून हवा काढायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागते, नाहीतर कणीक वाळू लागते.

या आवरणाच्या खाली काय असते, ते फार महत्त्वाचे. केकवर आधी लोण्याच्या क्रीमचा, किंवा चॉकलेट व साय यांच्या गनाशचा थर देतात. गडद चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेटला एक भाग साय, आणि उन्हाळ्यात चॉकलेट आणखी वाढवायचे. हा थर गार होऊन भिंतीच्या गिलाव्यासारखा घट्ट झाला की त्यावर फॉन्डंट बसते. त्याऐवजी तिथे फेटलेले ताजे क्रीम घातले, तर त्यातले पाणी साखर ओढून घेते. मग आवरण आतून विरघळते आणि आपल्याच वजनाने खाली सरकू लागते. श्रोत्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मजल्यांविषयी आमची समजूत चुकीची होती. खालचा केक वरच्याचे ओझे पेलतो असे आम्हांला वाटे. केक मऊ. तो स्वतःपुरता उभा राहिला तरी पुष्कळ. खालच्या केकमध्ये चार-पाच काड्या उभ्या खोचतात, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या, आणि त्या सगळ्या नेमक्या एका उंचीला कापलेल्या असतात. वरच्या केकला त्याची स्वतःची पुठ्ठ्याची चकती असते, आणि ती चकती या काड्यांवर टेकते. म्हणजे वजन चकतीवरून काड्यांत आणि काड्यांतून तळाच्या पाटावर जाते. केक नुसता भोवती असतो. मांडव खांबांवर असतो, कनातीवर नसतो, तसेच हे.

राहिली फुले. फुलांच्या कणकेत जास्त डिंक घालतात, म्हणजे पाकळी कागदासारखी पातळ लाटता येते आणि वाळून कडक होते. गुलाबाची एकेक पाकळी कापायची, तिची कड बोटाने पातळ करायची, गाभ्याभोवती चिकटवायची आणि मग वाळू द्यायची. त्यावर रंग भरायचा तर पाणी चालत नाही, पाण्याने साखर विरघळते. म्हणून रंग मद्यार्कात कालवतात. तो झटकन उडून जातो. आम्ही घड्याळ लावून पाहिले. सरावलेल्या हातालाही एका गुलाबाला 20 मिनिटे लागली. केकवर 40 गुलाब होते. म्हणजे 800 मिनिटे, तेरा तासांहून अधिक, आणि तेही नुसत्या गुलाबांचे.

ही रीत विलायतेतून आली. 10 फेब्रुवारी 1840 रोजी राणी व्हिक्टोरियाचे लग्न झाले, त्या केकचे वजन 300 पौंडांच्या घरात होते. त्या काळी पांढरीशुभ्र साखर म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शनच. तिकडच्या जुन्या केकवर अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांचे कडक आयसिंग असे. लाटलेले मऊ फॉन्डंट सर्वसामान्यांच्या लग्नांत रुळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचे आयसिंग घालायलाच बंदी झाली. तेव्हा लोक छोट्या केकवर पुठ्ठ्याचे मोठे नक्षीदार टोपण ठेवून फोटो काढीत. 1947 साली राजकन्या एलिझाबेथचा नऊ फूट उंच केक झाला, तेव्हाही साखर रेशनवरच होती, आणि त्या केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड मुलींनी जिन्नस पाठवले होते. साखरेचे रेशन उठले ते 1953 मध्ये.

ते पुठ्ठ्याचे टोपण आज आपल्याकडे दुसऱ्या रूपात आले आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाचा केक जुनाच. आता तो इतरांच्या साखरपुड्यात आणि स्वागत-समारंभातही आला आहे. पाच मजल्यांचा केक हवा, पण खाणारी माणसे थोडी, म्हणून वरचे मजले थर्मोकोलचे करतात. यात फसवणूक नाही, गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते. पण मग गिऱ्हाईक म्हणते, ‘आत तर थर्मोकोल आहे, मग पैसे कसले?’ अहो, थर्मोकोलवरही फॉन्डंट तेवढेच लागते, पोळी तशीच लाटावी लागते आणि गुलाबाला 20 मिनिटेच लागतात. वाचतात ती अंडी, मैदा आणि लोणी. कारागिराचा वेळ फारसा वाचत नाही. या केकची खरी किंमत त्या वेळात आहे.

आता आमच्या कारागिराकडे वळू. घसरलेल्या केकचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. आधी आम्हांला त्यात नुसती पडझड दिसली होती. आठ रात्रींनंतर पाहिले, तर तिन्ही मजले जागेवर होते, काड्या सरळ होत्या, चकत्या आडव्या होत्या. घसरले होते ते आवरण, आणि त्याच्याखाली ओले, पांढरे क्रीम दिसत होते. गिऱ्हाइकाला ताजे क्रीम हवे होते आणि मालकाने होकार दिला होता. ‘मे महिन्यात हे टिकणार नाही,’ असे कारागिराने बजावले होते, आणि ते ऐकणारे दोघे साक्षीला उभे राहिले. त्या वेळी 1936 चा वेतन प्रदान कायदा लागू होता. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच पगारातून कपात करता येते, असे त्यात स्पष्ट होते. मालकाने फोटो पाहिला, दोघांचे ऐकले आणि कापलेले पैसे परत केले.

पण मंडळी, ही गोष्ट इथे संपत नाही. त्या केकसाठी तो किती रात्री जागला, त्याची जादा मजुरी आम्ही मागितली. मालकाने विचारले, ‘किती तास?’ आम्ही कारागिराकडे पाहिले. तो म्हणाला, ‘मोजले नाहीत.’ काड्या मिलिमीटरने मोजणाऱ्या माणसाने स्वतःचे तास मोजले नव्हते. ते पैसे त्याला मिळाले नाहीत, आणि ती हार आमच्याही पदरात आहे.

तेव्हापासून आम्ही ज्या ज्या बेकरीत जातो, तिथे भट्टीशेजारी खिळ्याला एक वही टांगायला सांगतो. आपण श्रोत्यांनीही एक करावे. घरच्या कार्यासाठी केक सांगायला जाल तेव्हा किती किलोचा, एवढेच विचारून थांबू नका. किती तासांचा, हेही विचारा. आणि ऋतू बघून कारागीर एखाद्या गोष्टीला नको म्हणाला, तर त्याचे ऐका.