सर्व्हरवरील देखरेख आणि इशाऱ्यांची विश्वासार्हता : ‘नागिओस’च्या रचनेचा विचार

विद्यापीठातील सर्व्हर सुरळीत चालू असताना त्यांची आठवण कोणालाच होत नाही. निकालाचे पान उघडेनासे झाले, प्रवेश-अर्ज अर्ध्यावर अडकला किंवा ग्रंथालयाची सूची दिसेनाशी झाली म्हणजे मात्र दूरध्वनी खणखणू लागतो आणि व्यवस्थापकाला आपल्याच यंत्राची बातमी परक्याच्या तोंडून ऐकावी लागते. बिघाड वापरणाऱ्याच्या आधी व्यवस्थापकाला कळावा, ह्या साध्या अपेक्षेतून देखरेखीची साधने निर्माण झाली. ‘नागिओस’ हे त्यांपैकी एक जुने व अद्यापि वापरात असलेले साधन होय. ते यंत्रावर कसे चढवावे, हे त्याच्या हस्तपुस्तिकेत सविस्तर दिलेले असल्यामुळे त्याची पुनरुक्ती येथे केलेली नाही. तपासणी कशाची करावी, किती वेळाने करावी आणि कोणत्या क्षणी माणसाला झोपेतून उठवावे, हे प्रश्न वरकरणी मांडणीच्या फाइलीतील चार-दोन आकड्यांचे वाटतात. वस्तुतः ते पुराव्याचे प्रश्न आहेत : एका निरीक्षणावरून निष्कर्ष केव्हा काढावा, आणि निरीक्षणच झाले नाही तर काय समजावे. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

एथन गॅलस्टॅड ह्यांनी हे साधन १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे २००२ मध्ये त्याचे नाव बदलावे लागले. ग्रीक भाषेतील ‘आगिओस’ म्हणजे संत. त्यावर श्लेष करून नवे नाव घडविण्यात आले आणि ‘हे साधन संतपदाचा आग्रह धरणार नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे त्यात गुंफण्यात आली. असो.

नागिओसच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, त्याच्या गाभ्याला स्वतःला कसलीच तपासणी करता येत नाही. डिस्क म्हणजे काय, वेबचे पान म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. तपासणी करतात ते ‘प्लगिन’ नावाचे छोटे स्वतंत्र कार्यक्रम. गाभा फक्त ठरलेल्या वेळी प्लगिन चालवितो आणि तो संपताना काय आकडा परत करतो एवढे पाहतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे सावधगिरीचा इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात. सोबत माणसाला वाचता येईल अशी एक ओळ. करार एवढाच. ह्यामुळे ज्या कोणाला दहा ओळींचा कार्यक्रम लिहिता येतो, त्याला प्रयोगशाळेतील शीतपेटीच्या तापमानापासून परवान्याच्या मुदतीपर्यंत कशावरही देखरेख ठेवता येते. चार आकड्यांपैकी ‘अज्ञात’ हा विशेष लक्षणीय आहे. ‘सेवा बंद आहे’ आणि ‘सेवा बंद आहे की चालू, हे तपासता आले नाही’ ही दोन विधाने तर्कदृष्ट्या भिन्न आहेत, आणि ती भिन्न ठेवण्याची सोय रचनाकाराने मुळातच करून ठेवली आहे. व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी ‘अज्ञात’ ही कटकट समजून तिचे इशारे बंद केले जातात. त्याचा परिणाम काय होतो, ते पुढे येईलच.

तपासणी कशाची करावी, ह्या प्रश्नाकडे आता वळता येईल. नवशिक्या व्यवस्थापक बहुधा ‘पिंग’पासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. परंतु पिंगला उत्तर मिळाले ह्याचा अर्थ एवढाच की, यंत्र चालू आहे आणि जाळ्यातून त्याच्यापर्यंत वाट आहे. वेबसेवा मरून पडली असली तरी पिंगचे उत्तर इमानेइतबारे येत राहते. त्याहून एक पायरी वर म्हणजे सेवेचे पोर्ट उघडे आहे की नाही ते पाहणे. त्याहून वर, प्रत्यक्ष पान मागवून यशाचा संकेतांक येतो का ते पाहणे. हेही पुरेसे नसते. कित्येक संकेतस्थळे अशी लिहिलेली असतात की, मागील डेटाबेस कोसळला तरी ती ‘कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असे पान यशाच्या संकेतांकासह धाडून देतात. प्लगिनच्या दृष्टीने सर्व आलबेल. विद्यार्थ्याच्या दृष्टीने निकाल नाही. ह्यावरील उपाय म्हणजे वेबच्या प्लगिनला अपेक्षित मजकूर सांगून ठेवणे, आणि तो मजकूर असा निवडणे की जो डेटाबेसमधून आल्याखेरीज पानावर उमटणारच नाही. तपासणी वापरणाऱ्याच्या हेतूच्या जितकी जवळ, तितका तिचा साक्षीपुरावा मोलाचा. हेच प्लगिन सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपण्यास किती दिवस उरले तेही सांगू शकते. ह्या बिघाडाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते, आणि तरीही तो लोकांना गाठतो, हे नवलच म्हणावे लागेल.

मर्यादांचे आकडे ठरविताना नमुन्याच्या फाइलीतील आकडे जसेच्या तसे उचलण्याची सवय घातक ठरते. डिस्कची मोकळी जागा २० टक्क्यांखाली गेल्यास सावधगिरी आणि १० टक्क्यांखाली गेल्यास गंभीर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. २० जीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे २ जीबी. नोंदींची फाइल बेफाम वाढू लागली तर ती जागा एका रात्रीत संपेल. उलट ४ टीबीच्या डिस्कवर २० टक्के म्हणजे ८०० जीबी, आणि तेथे इशारा देणे म्हणजे भरल्या कोठारापुढे दुष्काळाची दवंडी पिटणे होय. मर्यादा टक्क्यांवरून न ठरविता, जागा कोणत्या वेगाने भरते आणि ती मोकळी करण्यास माणसाला किती अवधी लागतो, ह्यांवरून ठरविली पाहिजे. लिनक्सवर आणखी एक खाचखळगा आहे. जागा शिल्लक असूनही आयनोड संपले तर नवी फाइल निर्माण होत नाही. सबब डिस्कच्या प्लगिनला आयनोडांची मर्यादाही वेगळी द्यावी लागते. यंत्रावरील भाराचेही तसेच. भार ५ हा आकडा एका गाभ्याच्या प्रोसेसरवर चिंतेचा, तर १६ गाभ्यांच्या प्रोसेसरवर किरकोळ असतो. शिवाय लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही ह्या आकड्यात मोजल्या जातात, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असूनही भार वाढलेला दिसू शकतो.

ह्यापुढचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. तपासणी एकदा अपयशी ठरली, एवढ्यावरून सेवा बंद पडली असे म्हणावे काय? समजा, १०० सेवा दर ५ मिनिटांनी तपासल्या जातात. प्रत्येक सेवेच्या दिवसाला २८८, म्हणजे एकूण २८,८०० तपासण्या झाल्या. आता असेही समजा की, क्षणिक गर्दीमुळे किंवा हरवलेल्या एखाद्या संदेशामुळे हजारात एक तपासणी उगाच अपयशी ठरते. हे प्रमाण कोणालाही क्षुल्लक वाटेल. पण त्याने दिवसाला सुमारे २९ खोटे इशारे निघतील. प्रत्येक सेवा वर्षातून एकदा खरोखर बंद पडते असे धरले, तर खरा बिघाड साडेतीन-चार दिवसांत एक. अर्थात एका खऱ्या इशाऱ्यामागे शंभराहून अधिक खोटे! संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा परिचित प्रकार आहे : शोध घ्यावयाची घटना दुर्मीळ असली की अचूक कसोटीसुद्धा बहुतांशी खोटीच साक्ष देते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. त्या मुलाने निदान जाणूनबुजून थाप मारली होती. येथे यंत्र प्रामाणिक असूनही ऐकणाऱ्याचा विश्वास तितकाच उडतो.

नागिओसने ह्यावर योजलेला उपाय म्हणजे कच्ची आणि पक्की अशा दोन अवस्थांचा भेद. पहिली तपासणी अपयशी ठरताच सेवा कच्च्या बिघाडाच्या अवस्थेत जाते; कोणालाही कळविले जात नाही. त्यानंतर ‘रिट्राय इंटरव्हल’ ह्या अल्प अंतराने ती पुनःपुन्हा तपासली जाते, आणि ‘मॅक्स चेक अटेम्प्ट्स’ने ठरविलेली संख्या सलग अपयशाने पुरी झाली तरच अवस्था पक्की होऊन इशारा सुटतो. वरील उदाहरणात ही संख्या ३ ठेवली आणि तिन्ही अपयशे परस्परांपासून स्वतंत्र मानली, तर खोट्या इशाऱ्याची शक्यता अब्जात एक होते, आणि १०० सेवांना मिळून असा इशारा सरासरी ९५ वर्षांत एकदा येईल. हा आकडा आकर्षक असला तरी फसवा आहे. जाळ्यातील गर्दीने पहिली तपासणी अपयशी ठरली असेल, तर मिनिटभराने दुसरीही त्याच गर्दीत सापडण्याचा संभव मोठा असतो. अपयशे स्वतंत्र नसतात. तरीही लाभ पुष्कळ होतो, आणि पुनर्तपासणीचे अंतर गर्दीच्या नेहमीच्या कालावधीपेक्षा थोडे मोठे ठेवल्यास तो वाढतो.

ह्या लाभाची किंमत वेळात मोजावी लागते. नेहमीचे अंतर ५ मिनिटे, पुनर्तपासणीचे १ मिनिट आणि प्रयत्न ३ असतील, तर बिघाड आणि इशारा ह्यांत किमान २, कमाल ७ आणि सरासरी साडेचार मिनिटे जातील. विभागीय ग्रंथसूचीच्या बाबतीत सात मिनिटांनी कोणाचे काही अडत नाही. ऑनलाइन परीक्षा चालू असताना मात्र तीच सात मिनिटे शेकडो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून वजा होतात. सर्व सेवांना एकच साचा लावणे सोयीचे असते खरे. पण आकडे सेवेगणिक ठरले पाहिजेत, आणि परीक्षेच्या दिवशी ते बदललेही पाहिजेत.

काही सेवा धड मरत नाहीत आणि धड जगत नाहीत. त्यांच्या ह्या फडफडीवर नागिओस शेवटच्या २१ निकालांवरून लक्ष ठेवते. त्यांतील २० संभाव्य बदलांपैकी किती प्रत्यक्ष घडले ह्याचे, अलीकडच्या बदलांना अधिक वजन देऊन, शेकडा प्रमाण काढले जाते. ते वरच्या मर्यादेपलीकडे गेले की इशारे थांबतात, आणि खालच्या मर्यादेखाली आल्यावरच पुन्हा सुरू होतात. मर्यादा एकच असती तर फडफडीचा निर्णयही फडफडत राहिला असता.

एका इमारतीचा स्विच बंद पडला तर त्यामागील चाळीस यंत्रे एकदम दिसेनाशी होतात. प्रत्येक यंत्राच्या नोंदीत त्याचा ‘पेरंट’ सांगितलेला असेल, तर नागिओस स्विचला ‘बंद’ आणि बाकीच्यांना ‘पोहोचता येत नाही’ असे वेगळे संबोधते, आणि दुसऱ्या प्रकारचे इशारे बंद ठेवता येतात. हे नाते देखरेख करणाऱ्या यंत्राच्या जागेवरून पाहून लिहावयाचे असते. ते यंत्र दुसऱ्या इमारतीत हलविले की वंशावळ पुन्हा लिहावी लागते, हे पुष्कळदा विसरले जाते.

इशारा कोणत्या वाटेने जातो, ह्याकडेही तितकेच लक्ष हवे. टपाल-सर्व्हर बंद पडल्याची सूचना त्याच टपाल-सर्व्हरमार्फत पाठविण्याची मांडणी हास्यास्पद वाटेल, पण ती दुर्मीळ नाही. निदान गंभीर इशाऱ्यांसाठी तरी विद्यापीठाच्या जाळ्यावर अवलंबून नसलेली दुसरी वाट, उदाहरणार्थ यंत्राला जोडलेल्या मोबाइल-मोडेमवरून जाणारा लघुसंदेश, राखून ठेवावी.

खोट्या इशाऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. खोट्या शांततेची फारशी होत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षातील इशारा देणारी संगणकप्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास निमूटपणे बंद पडली. कक्षातील कर्मचाऱ्यांना ते कळले नाही. इशारे येत नाहीत, त्याअर्थी सर्व ठीक आहे, असे ते समजून राहिले. तीननंतर उच्च दाबाच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या, तरी पडद्यावर काहीच उमटले नाही. चारच्या सुमारास साखळी कोसळली आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. सर्व्हरची देखरेख आणि विजेचे जाळे ह्यांत प्रमाणाचे अंतर मोठे आहे. चुकीची जात मात्र एकच. इशारा न येणे ह्याला दोन कारणे असू शकतात, आणि पडद्यावर ती दोन्ही सारखीच दिसतात.

नागिओसमध्ये ह्यासाठी ‘ताजेपणा’ची तपासणी आहे. रात्रीच्या बॅकअपचे उदाहरण घ्यावे. बॅकअप अपयशी ठरल्यास पत्र पाठवावे अशी मांडणी सर्वत्र आढळते; पण बॅकअपचा कार्यक्रम सुरूच झाला नाही, तर पत्र कोण पाठविणार? म्हणून उलट मांडणी करावी. बॅकअप यशस्वी झाल्यावर त्याच्या कार्यक्रमानेच ‘ठीक’ हा निकाल नागिओसकडे पोचवावा, आणि ताजेपणाची मर्यादा ९३,६०० सेकंद, म्हणजे २६ तास, ठेवावी. तेवढ्या अवधीत नवा निकाल आला नाही तर नागिओस त्या सेवेसाठी नेमलेली आज्ञा स्वतः चालविते, आणि ती आज्ञा नेहमी २ हाच आकडा परत करणारी ठेवलेली असते. अशा रीतीने मौनाचेच इशाऱ्यात रूपांतर होते. ‘अज्ञात’ अवस्थेचे इशारे का बंद करू नयेत, ह्याचेही उत्तर येथेच आहे : प्लगिनला परवानगी नाकारली गेली, तर देखरेख थांबल्याची ती एकमेव खूण असते.

नागिओस चालविणारे यंत्रच बंद पडले तर वरील सर्व व्यवस्था मुकी होते. त्यावर नजर ठेवण्यास दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वीजवाहिनीवर, एक साधे यंत्र पुरते. नागिओसने दर पाच मिनिटांनी त्याला खूण पाठवावी. लागोपाठ तीन खुणा चुकल्या की त्याने स्वतःच्या मोडेमवरून संदेश धाडावा. मांडणीच्या फाइली वापरण्यापूर्वी ‘-व्ही’ हा पर्याय देऊन तपासून घेता येतात, परंतु त्याने केवळ व्याकरण आणि परस्परसंदर्भ शुद्ध आहेत एवढेच कळते. दूरध्वनी क्रमांक चुकला असेल तर ते कळत नाही. त्यासाठी सत्रारंभी, कार्यालयीन वेळेत, एक सेवा मुद्दाम बंद करावी, दुसऱ्या दिवशी नागिओसच बंद करावे, आणि दोन्ही वेळी ज्याच्या खिशात संदेश यावयाचा त्याच्याजवळ घड्याळ घेऊन बसावे.