मर्सिडीज-बेंझ ई-क्लास: वापरलेल्या डब्ल्यू१२४ व डब्ल्यू२११ सेडान मोटारींची तुलना

डब्ल्यू१२४ आणि डब्ल्यू२११ ही मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीच्या मध्यम आकाराच्या आलिशान मोटारींच्या दोन पिढ्यांची अंतर्गत सांकेतिक नावे आहेत. पहिली १९८४ च्या अखेरीस, तर दुसरी २००२ मध्ये सादर झाली; मधल्या काळात डब्ल्यू२१० ही आणखी एक पिढी होऊन गेली. वापरलेली मोटार घेताना नवी ती बरी, असा सर्वसाधारण समज असतो. या दोन गाड्यांना तो पुरता लागू पडत नाही, कारण येथे वयापेक्षा रचनेतील फरक देखभालीच्या खर्चावर अधिक परिणाम करतो.

भारतात या कंपनीच्या मोटारींचे उत्पादन १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात, डब्ल्यू१२४ पासूनच सुरू झाले. डब्ल्यू२११ ची जुळणीही पुण्यात होत असे.

इंजिन व विद्युत यंत्रणा

डब्ल्यू१२४ च्या जुन्या डिझेल इंजिनांत इंधन पुरविणारा पंप यांत्रिक असतो. एकदा सुरू झालेले असे इंजिन जवळजवळ विजेविना चालत राहते. ते बंदही निर्वात दाबाच्या साहाय्याने होते. बिघाड सहसा हळूहळू वाढतो व आवाज, धूर किंवा गळतीतून आधीच जाणवतो. मात्र ही पिढी निर्दोष नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक पेट्रोल गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन झडते. त्यामुळे या मालिकेतील उशिराच्या गाड्या आधीच्या गाड्यांपेक्षा चांगल्याच असतील असे नाही.

डब्ल्यू२११ मधील सीडीआय डिझेल इंजिने कॉमन-रेल पद्धतीची आहेत. ती अधिक शक्तिशाली, शांत व काटकसरी आहेत. परंतु त्यांचे इंजेक्टर अतिउच्च दाबावर काम करतात व अशुद्ध इंधन त्यांना सोसत नाही. गाडीतील अनेक नियंत्रक संगणक एकमेकांशी जोडलेले असल्याने दोष शोधण्यासाठी योग्य निदान-उपकरण लागते. काही गाड्यांत हवेवर चालणारे सस्पेन्शनही असते. ते बसले की दुरुस्ती महाग पडते.

ब्रेक

डब्ल्यू२११ निवडताना सर्वाधिक महत्त्वाचा मुद्दा ब्रेकचा आहे. सुरुवातीच्या गाड्यांत सेन्सोट्रॉनिक (एसबीसी) ही प्रणाली होती. तिच्यात चालकाने पेडल दाबल्यावर त्याची नोंद संगणक घेतो आणि प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा हे ठरवतो. हा दाब विजेच्या पंपाने आधीच साठवलेला असतो. प्रणाली बंद पडल्यास केवळ पुढच्या चाकांना थेट द्रवदाब मिळतो, पेडल कडक होते आणि थांबण्याचे अंतर वाढते. ब्रेकच्या वापरांची मोजणी हा संच स्वतः करतो व ठरावीक मर्यादेनंतर बदलण्याची सूचना देतो. म्हणजे दिसायला उत्तम असलेल्या गाडीतही हा खर्च दारात येऊन ठेपलेला असू शकतो. २००४ मध्ये सुमारे ६.८ लाख आणि २००५ मध्ये सुमारे १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. दुसऱ्या वेळी बॅटरीसंबंधीच्या दोषांचाही समावेश होता. २००६ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने नेहमीचे द्रवचलित ब्रेक पुन्हा बसवले. त्यामुळे २००५ ची व २००७ ची डब्ल्यू२११ यांतील दोन वर्षांचे अंतर खरेदीदारासाठी पुष्कळ मोठे ठरते. डब्ल्यू१२४ चे ब्रेक मुळातच साधे द्रवचलित आहेत.

सुरक्षितता

अपघातातील संरक्षणाच्या बाबतीत मात्र जुनी गाडी उघडपणे मागे पडते. डब्ल्यू२११ मध्ये बाजूच्या व खिडकीच्या एअरबॅग तसेच घसरण रोखणारी ईएसपी प्रणाली आहे. डब्ल्यू१२४ मध्ये सुरुवातीला चालकाची एअरबॅगसुद्धा जादा पैसे देऊन घ्यावी लागे. कुटुंबाच्या रोजच्या प्रवासासाठी गाडी हवी असल्यास हा फरक दुरुस्तीच्या सोयीपेक्षा वजनदार मानावा लागतो.

किंमत व नोंदणी

डब्ल्यू२११ ची विक्रीची किंमत वयानुसार घसरली, तरी तिचे सुटे भाग मूळच्या महागड्या मोटारीचेच असतात. डब्ल्यू१२४ मध्ये पाहण्याची गोष्ट म्हणजे गंज. जॅक लावण्याच्या जागा व पुढचे मडगार्ड तपासावे लागतात. भारतात खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणीनंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. २००९ मध्ये बनलेल्या शेवटच्या डब्ल्यू२११ गाड्याही आता या टप्प्यात आल्या आहेत.